नव्वद दिवसांत हालचाल नाही

बुधवारी दुपारी जेवणानंतर, म्हणजे ऑफिसात डोळे उघडे आणि माणसं झोपलेली असतात त्या वेळेला, रिसेप्शनवरच्या बाईंनी अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आपल्याकडे झाडू कोण आहे?" कुणी हसलं नाही. आमच्याकडे इतकी माणसं लागतात आणि सुटतात की असेल बुवा कुणी झाडू, नवीन आला असेल, असं धरून सगळे परत आपापल्या पडद्याकडे वळले. मी उठलो. उठताना गुडघ्यातून जो आवाज आला तो एकतिसाव्या वर्षी यायला नको होता, पण गुडघ्यांना कुणी वय कळवत नाही. काउंटरपाशी कुरिअरवाला खोकं पोटाशी धरून उभा होता. "झाडू तुम्हीच का?" "माझा आहे," मी म्हणालो. "तुमचा कोण?" हे मला सहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. "घरातलाच समजा." "ओळखपत्र लागेल त्यांचं." "त्याला नाहीये." "मग तुमचं दाखवा, आणि इथे नातं लिहा साहेब." मी नात्याच्या रकान्यात 'पालक' असं लिहिलं आणि सही केली. कुरिअरवाल्याने ते वाचलं, माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि जाता जाता म्हणाला, "लहान वयातच पोराने नाव काढलं म्हणायचं."

खोक्यात काचेचा एक ठोकळा होता. जड, कडा गोल केलेल्या, हातात घेतल्यावर थंड. त्याच्या आत, काचेच्या पोटात, अक्षरं कोरलेली होती: वर्षाचा मानकरी, झाडू. मी तो टेबलावर ठेवला आणि त्याच्या आडून पडद्यावरचं वाचायला लागलो तर अक्षरं मोठी आणि वाकडी दिसत होती. माझं पोटापाण्याचं काम म्हणजे एका कंपनीच्या ग्राहकांना आपोआप जाणारी उत्तरं लिहिणं. 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे', हे वाक्य माझं नाही, ते आधीपासून होतं, पण त्यानंतरचं 'आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभारी आहोत' हे माझं आहे आणि त्याचा मला अभिमान होता एके काळी. माणूस चिडून लिहितो, त्याला आधीच संयमाबद्दल आभार मिळतात, मग त्याला संयम दाखवावाच लागतो. या शोधावर मला बढती मिळाली होती.

झाडू हा माणूस नाही हे इथेच सांगून टाकतो. झाडूच्या आधीचा, कंपन्यांनी टाकून दिलेल्या जुन्या प्रिंटरांशी बोलणारा, एक मोठा प्रोग्रॅम आहे. शाळांमध्ये, लहान दवाखान्यांत, तिकिटाच्या खिडक्यांवर अजून ते प्रिंटर खरखरत असतात. त्या प्रोग्रॅमचा कोड सगळ्यांसाठी उघडा असतो, वाटेल त्याने यावं, दुरुस्त करावं, पगार कुणालाच नाही. मी कॉलेजात असताना त्यात शिरलो आणि त्यांची तक्रारवही सांभाळायला लागलो. तक्रारवही म्हणजे कुणाचं काय बिघडलं, कुणी काय तपासलं, याच्या नोंदी. सुरुवातीला मी प्रत्येक नोंदीला उत्तर द्यायचो, अगदी नाव घेऊन, तब्येत विचारून. मग आठवड्याला दोनशे नोंदी यायला लागल्या. एका दुपारी पाठ अशी धरली की खुर्चीतून उठताही येईना, आणि त्याच दुपारी, उठता येत नव्हतं म्हणूनच, मी झाडू लिहिला. चाळीस ओळींचा प्रोग्रॅम. ज्या नोंदीला नव्वद दिवस कुणी हात लावला नाही ती शोधायची, खाली लिहायचं, 'या नोंदीवर नव्वद दिवसांत हालचाल नाही. बंद करत आहे. आपल्या योगदानाबद्दल मनापासून आभार', आणि बंद करायची. चुकून कुणी बंद नोंदीवर काही लिहिलंच तर ती पुन्हा उघडायची. सगळ्या नोंदी एकदम बंद केल्या तर यंत्रणेवर ताण येतो, म्हणून मी त्याला दोन नोंदींच्या मध्ये थोडं थांबायला शिकवलं, कधी चार मिनिटं, कधी अकरा. खातं उघडताना फोटो मागितला तेव्हा दादाच्या टकलाचा मागून काढलेला फोटो दिला. पत्ता मागितला तेव्हा ऑफिसचा दिला. त्या दिवसापासून मी आराम करतोय. थकवा मात्र तसाच आहे, फक्त आता त्याला कारण उरलेलं नाही.

संध्याकाळी वहिनीने खोकं उघडून ठोकळा फ्रिजवर ठेवला. मी दादा-वहिनीकडे राहतो, मधल्या खोलीत, जिच्यातून गेल्याशिवाय बाल्कनीत जाता येत नाही, त्यामुळे माझ्या अंगावरून रोज ओले कपडे जातात. "भाऊजी, बक्षीस तुम्हाला, आणि नाव झाडूचं? म्हणजे घरात हात लावत नाही म्हणून टोमणा आहे का कुणाचा?" दादा म्हणाला, "फोटो माझा वापरलाय म्हणतोस, मग अर्धं बक्षीस माझं." "टकलाचं," वहिनी म्हणाली, "तेवढा भाग तुमचा." तिघंही हसलो. मग सगळ्यांची नजर एकाच वेळी भिंतीकडे गेली, कारण त्या घरात चुकीच्या नावाची वस्तू आधीपासून एक होतीच. वडील पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाले त्या दिवशी आणखी एक जण निवृत्त झाला, पलीकडच्या खिडकीवरचा. दोघांना एकेक भिंतीवरचं घड्याळ दिलं, खाली पितळी पट्टीवर नाव. घरी येऊन कागद फाडला तर पट्टीवर त्या दुसऱ्याचं नाव. आई म्हणाली, उद्याच जा आणि बदलून आणा. वडील म्हणाले, "वेळ बरोबर दाखवतंय ना?" चार महिन्यांनी तो दुसरा गेला, मग बदलायला तोंडच राहिलं नाही. घरी कुणीही आलं की पट्टी वाचायचं आणि विचारायचं, हे कोण? आणि वडील सांगायचे. हे अठ्ठावीस वर्षं पाच नंबरच्या खिडकीवर होते. गर्दी कितीही असो, नळाचा अर्ज उलटा धरून सुद्धा वाचायचे. एकदा एका म्हातारीला पोचवायला भर दुपारी तिच्या घरापर्यंत गेले आणि तिथेच दारातला नळ दुरुस्त करून आले. लहानपणी मला वाटायचं की तो आमचा कुणी काका आहे. स्वतः वडिलांनी त्या कचेरीत काय केलं ते मला आजही नीट माहीत नाही. ते सांगायला लागणारं घड्याळ दुसऱ्या कुणाच्या तरी भिंतीवर होतं.

खोक्यात एक मानपत्रही होतं, ते मी झोपायच्या खाटेवर बसून वाचलं. 'झाडू यांनी सहा वर्षांत कधी वाद घातला नाही. कधी सुट्टी घेतली नाही. कुणाही लहान माणसाच्या नोंदीला उत्तर दिल्यावाचून ते राहिले नाहीत, आणि प्रत्येक वेळी आभार मानले. शनिवारी चार वाजता आपल्या सभेत ते दोन शब्द बोलतील.' खाली आमच्या प्रिंटरच्या मंडळींच्या सन्मान समितीच्या ताईचा नंबर होता. समिती नवीन आहे, गेल्या पावसाळ्यानंतर आलेली पोरं, सगळी तेवीस-चोवीसची, आणि तिला सगळे ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभा राहून तिला फोन लावला.

"ताई, एक घोळ झालाय. झाडू हा माणूस नाही. प्रोग्रॅम आहे. मीच लिहिलाय."

"हो का?" ती हसली. "मला आधीच सांगितलं होतं सगळ्यांनी, ते फार संकोची आहेत, काहीतरी कारण काढून टाळतील."

"अहो, टाळत नाहीये. खरंच चाळीस ओळी आहेत."

"सर, इतकं काम करून थकल्यावर माणसाला असंच वाटतं. मलाही परीक्षेच्या वेळी आपण यंत्र झालोय असं वाटायचं. तुम्ही शनिवारी फक्त फोनवर या. चार हजार एकशे बारा नोंदी हाताळल्यात तुम्ही!"

"बंद केल्यात. हाताळल्या नाहीत."

"तेच ते. आणि आम्ही नुसता आकडा नाही बघितला हां. शिफारसही लागते. सगळ्यांना पत्र पाठवून विचारलं होतं, कुणाचा सन्मान करावा? एकच शिफारस आली. एकच, पण काय सुंदर! मानपत्रात तीच वाक्यं घेतलीत आम्ही. थांबा, शेवटचं घेतलं नव्हतं, ते वाचते. 'नुकतीच माझी अखेरची नोंदसुद्धा त्यांनी नव्वदाव्या दिवशी वेळेवर बंद केली, याचं समाधान आहे.'"

"कुणी पाठवलंय?"

"नाव नुसतं 'ठीक' असं आहे."

फोन ठेवून मी जिन्यातच बसलो. वरून खाली जाणारे लोक माझ्या दोन्ही बाजूंनी जात होते, जसे मधल्या खोलीतून कपडे जातात. ठीक. हे नाव मी पाहिलेलं होतं, म्हणजे ते नजरेखालून गेलेलं होतं, बसच्या खिडकीतून एखाद्या दुकानाची पाटी रोज जाते आणि ते दुकान कशाचं ते सांगता येत नाही तसं. झाडूने नोंद बंद केली की मला येणारी सगळी पत्रं मी पहिल्याच वर्षी एका कप्प्यात परस्पर जायची सोय करून ठेवली होती, आणि त्या कप्प्याचं नाव 'नंतर' असं होतं. जागेवर येऊन मी तक्रारवही उघडली आणि ठीक हे नाव शोधलं. तीनशे तेरा नोंदी. प्रिंटरच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती वर्षातून चारदा निघते, त्याच्या अखेरच्या नोंदीपर्यंत सहा वर्षांत चोवीस झाल्या होत्या. त्या प्रत्येक आवृत्तीवर तेरा नोंदी, कारण त्याच्या घरी तेरा जुने प्रिंटर होते आणि तो प्रत्येकावर चाचणीचं पान छापून बघायचा. 'ठीक. तिसऱ्या ओळीत शाई फिकट.' 'ठीक. कागद ओढताना डावीकडे केसभर सरकतो.' 'ठीक. हा प्रिंटर आज रुसला होता, दोनदा बंद करून चालू केल्यावर छापलं. दोष तुमचा नाही.' एकाही नोंदीला कुणाचं उत्तर नाही. प्रत्येकीखाली, बरोबर नव्वदाव्या दिवशी, दादाचं टक्कल आणि मनापासून आभार. कोड लिहिणाऱ्यांची मोजदाद होते, ओळी मोजता येतात. पान छापून डोळ्यांजवळ धरून बघणाऱ्याची एकही ओळ जमा होत नाही. उलट त्याची नोंद झाडूने बंद केली की ती झाडूच्या खात्यावर जमा. मी त्या चार हजारांतून तीनशे तेरा वजा करून पाहिले आणि मग लक्षात आलं की बाकीच्याही कुणाच्या तरी असणारच. वाचता वाचता मला अकरा दोष असे सापडले की जे आम्ही पुढे केव्हातरी मोठा गाजावाजा करून शोधून काढले होते, एकमेकांचं अभिनंदन केलं होतं, आणि ते या माणसाने सहा-सहा महिने आधी लिहून ठेवलेले होते, 'ठीक'च्या पुढे, कुणाला त्रास नको अशा बेताने.

तीनशे तेरावी नोंद वेगळी होती. 'मोतीबिंदू नाही, दुसरं आहे, मधलं दिसत नाही, कडा दिसतात. यापुढे पान तपासता येणार नाही. प्रिंटर तेरा आहेत, चालू आहेत. कुणाला हवे असल्यास घेऊन जावे, नाहीतर घरचे भंगारात देतील, त्यांचाही इलाज नाही, जागा लहान आहे. पत्ता खाली देत आहे. येण्याआधी कळवावं, जिना अरुंद आहे. उत्तराची वाट बघतो.' आणि खाली, सव्वीस दिवसांपूर्वी, सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी: या नोंदीवर नव्वद दिवसांत हालचाल नाही. मी ते वाक्य माझं असून पहिल्यांदा वाचत होतो. ऑफिसातला एसी कुठेतरी टपकत होता आणि त्याखाली कुणीतरी बादली ठेवली होती. मी नोंदीखाली लिहिलं, 'आहात का?' सहा वर्षांनी तिथे एका माणसाने लिहिलेलं तेवढंच. अकरा मिनिटांनी झाडूने उत्तर दिलं, 'हालचाल दिसली. नोंद पुन्हा उघडली आहे. आभार.' त्याच्याशिवाय कुणीच काही लिहिलं नाही. शुक्रवारी दिवसभर मी दर पाच मिनिटांनी बघत होतो आणि ग्राहकांना त्यांच्या संयमाबद्दल आभार पाठवत होतो.

शनिवारी दुपारी बसने निघालो. ठोकळा पिशवीत होता. कल्पना अशी होती की तो त्याच्या हातात द्यायचा आणि सांगायचं, हा तुमचा, नाव चुकलंय तेवढं सोडून द्या. बसमध्ये हे वाक्य मी वेगवेगळ्या प्रकारे म्हणून पाहिलं, शेजारचा माणूस उठून पुढच्या सीटवर गेला. जिना खरोखरच अरुंद होता. एक खांदा आधी, मग दुसरा. दार उघडलं ते सुनेने, हाताला कणीक लागलेली. "प्रिंटरचं ना? अहो, उशीर केलात. मंगळवारी बारा गेले. तीन महिने आम्ही हललो नाही, बाबा म्हणायचे कळवतील, कळवतील. मग त्या झाडूंचं आलं की बंद करतो म्हणून. त्यानंतरही थोडं थांबलो. शेवटी बाबाच म्हणाले, आता द्या." मंगळवारी. खोकं बुधवारी आलं होतं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

आतल्या खोलीत भिंतीला लागून एक लांबलचक फळी होती आणि तिच्यावर धुळीत बारा चौकोन, स्वच्छ, जणू कुणी मोजून पुसलेले. तेराव्या जागी एक करडा प्रिंटर, आणि त्याच्यावर हात ठेवून, एखाद्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा, एक लहानखुरा म्हातारा माणूस बसला होता. माझ्याकडे बघताना त्याने मान किंचित तिरकी केली, म्हणजे मी त्याच्या नजरेच्या कडेला आलो.

"मी तुमच्या प्रिंटरच्या मंडळींपैकी, काका. तुमची नोंद वाचली."

"या या. बसा. खुर्चीवर कागद असतील, खाली ठेवा. हा एक राहू दिला मी," ते म्हणाले. "तुमचं नवीन आलंय ना मध्यंतरी, ते कशावरच बघितलं नाही. एकावर तरी बघायला हवं. सुनेला म्हटलं बघ, तर ती म्हणते सगळंच छान आलंय. तिला सगळंच छान दिसतं."

"बाबा, मला ऐकू येतंय हां," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"काका, तुम्हाला कुणी उत्तर दिलं नाही," मी म्हणालो. "सहा वर्षं. मला त्याबद्दल..."

"असं कसं? झाडू द्यायचे की." ते हसले. "माझी नोंद एवढीएवढीशी, तिच्यात काय असायचं उत्तर देण्यासारखं? तरी तो माणूस विसरायचा नाही. नव्वद दिवस विचार करायचा आणि मग बंद करायचा, म्हणजे त्याने बघितलं, पटलं, विषय संपला. मी छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली. पान बरोबर निघालं तर कुणी येऊन सांगत नाही, चुकलं तरच येतात. तिथे आभार मानणारा एकही भेटला नाही. म्हणून म्हटलं जाता जाता त्यांच्यासाठी दोन ओळी पाठवाव्यात. कसे आहेत ते? तुम्ही ओळखता?"

बसमध्ये पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं आणि तिथेच थांबलं. खरं सांगितलं तर या माणसाचे तीनशे तेरा आभार एका फटक्यात जाणार होते, बारा चौकोनांसारखे, मागे फक्त स्वच्छ जागा. नाही सांगितलं तर मी चाळीस ओळींच्या मागे लपून परत जिना उतरणार, एक खांदा आधी, मग दुसरा. "ओळखतो," मी म्हणालो. "थकलेत जरा." "थकणारच," ते म्हणाले, आणि मग प्रिंटरचं बटण दाबलं, कारण त्यांच्या मते गप्पा पुरेशा झाल्या होत्या. प्रिंटर आधी खोकला, मग आत काहीतरी इकडून तिकडे धावलं. काकांनी मान खाली घालून ऐकलं. "पहिली ओळ. दुसरी. आता बघा, इथे," आणि त्याच क्षणी आवाज एक श्वासभर सैल झाला. पान बाहेर आलं, गरम, मी ते उचललं, आणि तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. चार वाजले होते. मी फोन काढताना घाईत स्पीकर दाबला गेला, आणि त्या खोलीत ताईचा आवाज, मागे पंधरा-वीस जणांची कुजबुज, स्पष्ट ऐकू आली: "नमस्कार झाडू सर! सगळे जमलेत. आवाज येतोय का?"

काकांचा हात प्रिंटरवरून उचलला गेला. त्यांनी मान आणखी तिरकी केली, मला नजरेच्या अगदी टोकाशी आणलं, जिथे त्यांना अजून दिसत होतं. मग उठून उभे राहिले, सदऱ्याची वरची गुंडी चाचपून लावली आणि माझ्या थोडंसं डावीकडे हात पुढे केला. "तुम्ही," ते म्हणाले. "आणि मघापासून गप्प बसलात." मी एक पाऊल डावीकडे सरकलो आणि तो हात धरला. कोरडा, बोटांच्या टोकांवर कागदाने पडलेल्या चिरांचा हात. मला म्हणायचं होतं की मी वाचलं नाही, एकही वाचलं नाही, गुरुवारपर्यंत. पण काका हात सोडत नव्हते, म्हणून दुसऱ्या हातातलं पान मी डोळ्यांजवळ धरलं.

"काका, तिसऱ्या ओळीत शाई फिकट आहे," मी म्हणालो.

"वाटलंच. आवाजातच होतं." ते परत बसले, एकदम हलके झाल्यासारखे. "लिहून ठेवा. सावकाश लिहा, घाई नाही. नव्वद दिवस आहेत तुमच्याकडे."

मी खुर्चीवरचे कागद खाली ठेवले आणि बसलो. पिशवीतला ठोकळा पायाला लागला, थंड. फोन फळीवर, धुळीतल्या एका रिकाम्या चौकोनात ठेवला होता, आणि त्यातून ताई पुन्हा पुन्हा विचारत होती, "झाडू सर? आहात का?"

"आहे," मी म्हणालो. "एक मिनिट थांबा. आधी एक नोंद लिहितोय."